उजव्या स्पीकरची तक्रार

३ ऑक्टोबर, शुक्रवार

घरघर.

इंजिन बंद असलं की आवाज स्वच्छ. इंजिन चालू केलं की घरघर सुरू. वेग वाढवला की तीही वर चढते, कमी केला की खाली येते. आणि मधूनच सगळं गप्प! गाणं अर्ध्यात तुटतं आणि दोन मिनिटांनी आपलं आपण पुन्हा सुरू होतं. जसं काही झालंच नाही.

सकाळपासून नमाजाच्या वेळेपर्यंत शाझलीच्या लाँचीत फळ्यांखाली उताणा पडून होतो. पाठ मोडली. शाझली तांडेल वरून डोकावतो आणि म्हणतो, "हमदून, लेका, लग्न वीस दिवसांवर आलं आणि तू माझ्या लाँचीची आतडी बाहेर काढून बसलास." म्हटलं, आतडी लाँचीची नाहीत, ज्याने आधी ही जोडणी केली त्या गाढवाची आहेत.

तेवीस तारखेला, गुरुवारी, हीच लाँच पश्चिम काठावरून नवरदेवाची वरात घेऊन आमच्या बेटावर येणार. नवरी माझी शाया. अस्वानपाशी नाईलच्या या पाण्यावर चाळीस वर्षं लोकांच्या वरातींचे स्पीकर मी लावतोय. माझ्याच मुलीच्या वरातीत घरघर झाली तर दोन्ही काठ मला नावं ठेवतील. ठेवू देत. पण शायाच्या कानावर ती पडता कामा नये.

आणि नवरदेव कोण? मिरगनी. ठार बहिरा, जन्मापासून. त्याला घरघर काय आणि गाणं काय, सगळं सारखंच. हे फक्त इथे लिहितोय. घरात म्हटलं तर शाया दोन दिवस जेवणार नाही. लग्नाला 'हो' म्हटलंय ना मी? म्हटलंय. मग झालं तर.

५ ऑक्टोबर, रविवार

अर्धी चोरी पकडली. आधीचा कारागीर मोटारगाड्यांचं काम करणारा असणार. गाडीत करतात तसं त्याने ॲम्प्लिफायरचं निगेटिव्ह थेट इंजिनाच्या अंगावर आवळलं होतं. मग इंजिनाची सगळी कुरकुर स्पीकरमध्ये येणार नाही तर काय! वेगळी जाड वायर काढली, सरळ बॅटरीपर्यंत नेली. घरघर गेली.

मधूनच गप्प होणं मात्र तसंच आहे. कधी फटकन, कधी हळूहळू गुदमरत. वायर हलवून बघितली, काही नाही. पेटी ठोकून बघितली, काही नाही.

मिरगनी रंगकाम करत होता. लाँची रंगवायच्या तर इथे त्यालाच बोलावतात. निळ्यावर पिवळे त्रिकोण, पुढे एक मगर. हात चांगला आहे, हे कबूल करायला हवं. छातीवर हात ठेवून त्याने सलाम केला. मी म्हटलं, "वायरींवर रंग सांडू नकोस." तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

संध्याकाळी शाया म्हणाली, "बाबा, त्याला ओठांवरून बोलणं कळतं. तुमचंच कळत नाही. तुमच्या मिशा तुमच्या ओठांवर पडदा टाकून बसल्यात." माझ्या मिशा! नबरा पदराआड हसत होती. बायको माझी, पण बाजू कायम मुलीची.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज मजा झाली. आणि माझी फजितीही.

फ्यूजची पाटी खोलून उलटी केली. मागे निळा रंग! थेट फ्यूजच्या खाचेत गेलेला. रंगाच्या थरावर फ्यूज बसणार, तापणार, सुटणार, थंड झाला की परत धरणार. म्हणून गप्प, म्हणून सुरू. मी पाटी घेऊन सरळ मिरगनीसमोर उभा राहिलो आणि बोट रोखलं. खरं सांगतो, आनंदच झाला होता मला. सापडला एकदाचा!

त्याने पाटी हातात घेतली, उजेडाकडे धरली. मग आपला पंजा त्या रंगावर ठेवला. तेव्हा मला दिसलं – तो नुसता रंग नव्हता, हाताचा ठसा होता. पाच बोटं. आणि मिरगनीच्या पंजाखाली तो पार झाकून गेला, इतका लहान. करंगळी वाकडी. मिरगनीने माझ्याकडे बघितलं, मग आमच्या बेटाच्या दिशेने बघितलं, आणि अगदी आदराने खाली मान घालून हसला.

वाकडी करंगळी आमच्या घरात एकीचीच आहे.

नबराला विचारलं तर ती जराही गडबडली नाही. "हो, मीच उठवला. त्याच्या डब्यात हात बुडवून. दृष्ट लागू नये म्हणून."

"अगं पण लाँचीला एवढी मोठी बाहेरची बाजू आहे, फ्यूजवर कशाला?"

"लोक लाँचीला नावाजतात की तुमच्या आवाजाला? जिथे नजर जाणार तिथेच ठसा हवा ना? आणि दिसू नये म्हणून मागून उठवला. तुम्ही ओरडला असता."

ओरडलोच असतो. पॉलिश पेपर घेऊन बसलो. खाचेत फक्त अंगठा शिरला होता, तेवढाच खरवडला. चार बोटं राहू दिली.

मिरगनीची माफी मागायला हवी होती. उद्या मागेन.

८ ऑक्टोबर, बुधवार

लाँच गातेय! शाझलीने बेटाला वळसा घातला. काठावर धुणं धुणाऱ्या बायका हात वर करून नाचल्या. शाझली म्हणाला, "असा आवाज अख्ख्या नदीत नाही."

माफी राहिली. मिरगनी पलीकडच्या काठावर गेला होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

उजवा स्पीकर थोडा खाली वाटतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

वाटत नाही, आहेच. डावा खणखणीत, उजवा दबलेला. वरच्या पट्टीचे सूर तर उजवीकडे पोचतच नाहीत.

आता पद्धतशीर. अशा वेळी एकच नियम – अदलाबदल करायची आणि दुखणं कुठे जातं ते बघायचं. ॲम्प्लिफायरच्या मागच्या वायरी उलटसुलट केल्या. दोष ॲम्प्लिफायरमध्ये असता तर डावा खाली गेला असता. नाही गेला. मग पेट्याच बदलल्या, डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. दोष पेटीत असता तर पेटीबरोबर गेला असता. नाही गेला. उजवी बाजू ती उजवी बाजूच.

मग वायर. ती नवी कोरी ओढली, छताच्या कडेने, एकही सांधा न ठेवता. तरी खाली!

जवळ जाऊन ऐकावं तर दोन्ही पेट्या ठीक. मागे माझ्या जागी, पाटीपाशी, पुढे तोंड करून उभं राहिलं की उजवी मेलेली. चाळीस वर्षांत असं दुखणं पाहिलं नाही. शाझलीच्या चुलतभावाचा ॲम्प्लिफायर मागवलाय. उद्या तो लावून बघतो.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुसरा ॲम्प्लिफायर लावला. तेच.

मीटर म्हणतं दोन्हीकडे सारखं. शाझली म्हणतो दोन्ही सारखे. नबराला आणून उभी केली – "सारखेच आहेत हो. चला घरी, मुलूखियाची भाजी निवतेय." शायाला आणलं. तिने डोळे मिटून नीट ऐकलं, माझ्या समाधानासाठी. "सारखे आहेत, बाबा."

यांचे कान आहेत की काय आहेत! या धक्क्यावर लोक म्हणतात, मीटर चुकेल पण हमदून चुकणार नाही. गाणं कोणत्या पेटीतून फाटतंय हे मी काठावर बसून सांगतो. आणि आता मीच जोडलेल्या पेट्यांबद्दल तिघं मिळून मला समजावतात.

कदाचित उजवीकडचं कापडी छत आवाज खात असेल. उद्या काढतो.

घरी आलो तर नबरा म्हणे, "तीनदा हाक मारली. जीव कुठे असतो तुमचा?" कुठे असणार, लाँचीत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

छत काढलं. तेच. वारा असेल म्हणून आडोशाला, खडकांमध्ये लाँच नेऊन लावली. तेच.

जेवताना बोलून गेलो, "उजवी बाजू सुधारल्याशिवाय वरात निघायची नाही. वेळ पडली तर महिनाभर पुढे ढकलू."

शायाने हातातली भाकरी खाली ठेवली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "बाबा, तुम्हाला तो नको आहे. तसं सरळ सांगा. स्पीकरच्या आड कशाला लपता?"

मी लपत नाहीये. मी खरंच ऐकतोय ते. पण तिला कसं पटवून देऊ? तिच्या जागी मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं. आणि लपत नाहीये असं लिहिताना हात थोडा अडखळला, तेही लिहून ठेवतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज माझ्याकडून वाईट झालं.

दुपारी पाटीपाशी डोकं धरून बसलो होतो. मिरगनी आला. शायाने सांगितलं असणार. त्याने खुणेने गाणं लावायला सांगितलं. मग दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला. छतालगतच्या दोन्ही पेट्यांवर एकेक पंजा टेकला आणि डोळे मिटले. बराच वेळ. हात हलवून जागा बदलल्या, परत टेकले. शेवटी माझ्याकडे वळून दोन्ही तळवे एका पातळीत धरले – सारखे.

माझं डोकं सटकलं. म्हणालो, "आता बहिऱ्याला विचारून स्पीकर जोडू का मी?"

तो माझ्या मिशांकडे बघत उभा होता. त्याला काही कळलं नाही. पण मागे शाया होती, अंबाडीच्या फुलांचं सरबत घेऊन. तिने दोन पेले खाली ठेवले, एक त्याला, एक मला. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "बरं झालं, तुमच्या मिशा आहेत."

आणि गेली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

घरात भांड्यांचाच काय तो आवाज. शाया मला वाढते, पण बोलत नाही.

तीन-चार वर्षांची होती तेव्हा माझ्याबरोबर लग्नांना यायची. ढोल आणि कर्ण्यांच्या गदारोळात मोठ्या पेटीवर पोट टेकून झोपायची. लोक म्हणायचे, पोरीचे कान जातील. मी म्हणायचो, हमदूनची पोर आहे, हिला गाण्याशिवाय झोप येत नाही. एकदा विचारलं होतं, पेटीवर का झोपतेस? तर म्हणाली, पोटात गाणं वाजतं.

ती त्याच्यात काय बघते, हे मी तिला एकदाही विचारलेलं नाही. इतके महिने झाले. नबराने विचारलं असेल. मी फक्त त्याच्यात काय नाही तेवढंच बघितलं. मला माझी लाज वाटते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

मिशा काढल्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

काल नबराने दार उघडलं आणि म्हणाली, "या पाहुणे, घरातले बाहेर गेलेत." मग बसून पोट धरून हसली. शेवटी डोळे पुसले आणि वरच्या ओठावर, जिथे ऊन कधी पोचलंच नव्हतं, तिथे बोट फिरवलं. "अगदी लग्नातल्यासारखे दिसता," म्हणाली. शाया हसली नाही. पण बघत राहिली.

आज पलीकडे गेलो, मिरगनी ज्या शेडमध्ये रंगकाम करतो तिथे. त्याने मला आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा त्याच्या हातातला ब्रश डब्यात पडला.

त्याच्यासमोर बसलो आणि सावकाश म्हणालो, "माफ कर." त्याने भुवया उंचावल्या – कशाबद्दल? सांगावं लागलं. पहिल्यांदा ठशाचं सांगितलं, की तुला चोर ठरवून मला आनंद झाला होता. मग बुधवारचं वाक्य. जसंच्या तसं पुन्हा म्हटलं, ओठ नीट हलवून, त्याला दिसेल असं. आयुष्यात इतकं जड वाक्य उचललं नव्हतं.

त्याने फोनवर लिहून माझ्यापुढे धरलं – "काका, असं रोज कोणी ना कोणी म्हणतं. परत येऊन सांगणारे तुम्ही पहिले."

पुढे लिहिलं – "पेट्या सारख्या आहेत. पण तुम्हाला तसं वाटत नसेल तर वरात पुढे न्या. शायाला मी समजावतो. तुमच्या आवाजाचा तिला फार अभिमान आहे. तुमच्या मनासारखा झाला नाही तर तिलाही तो दिवस गोड लागणार नाही."

मला रडू आलं. तिथेच, रंगाच्या डब्यांमध्ये. त्याने चहा केला. साखर किती ते विचारलं नाही, चार चमचे घातली. शायाने सांगून ठेवलेलं दिसतं.

हा मुलगा माझ्या घरात यावा असं मला वाटतं. आज पहिल्यांदा मनापासून वाटलं. पण मग उजव्या बाजूचं काय करू? ती अजून खालीच आहे! आता तर बहाणाही उरला नाही, तरी ती खालीच आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

सबंध दिवस लाँचीत. सगळे स्क्रू, सगळे सांधे, पुन्हा पहिल्यापासून. मीटर – सारखं. माझे कान – नाही.

तिला फुटकी वरात देऊ शकत नाही मी. हे माझं एकच काम आहे या जगात, तिला देण्यासारखं. शाझलीला सांगितलं, उद्या दुपारी पलीकडे जा, मिरगनीच्या घरच्यांना निरोप दे – तारीख पुढे. शाझली म्हणाला, "लेका, तुझं डोकं फिरलंय. मी निरोप नेईन, पण पोरीकडे बघून मला नदीत उडी मारावीशी वाटेल."

शायाला सांगितलं. म्हणालो, बाळा, शपथेवर सांगतो, आता मिरगनीचा काही संबंध नाही यात. मला तो हवा आहे. तिने माझ्या उघड्या ओठांकडे बघितलं, विश्वास ठेवावा की नाही अशा नजरेने. मग मेंदीचा डबा उचलून परत वरच्या फळीवर ठेवला. "जे करायचं ते करा, बाबा."

२१ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी शेवटचं एकदा ऐकायला गेलो. नेहमीच्या जागी, तोंड पुढे. उजवा खाली. हातातली पक्कड निसटून मागे पडली, ती घ्यायला वळलो. गाणं चालूच होतं. उजवा खणखणीत झाला, डावा खाली गेला. पुढे वळलो – उजवा खाली. मागे – डावा. सात-आठ वेळा वळलो असेन. शाझली म्हणाला, नाचतोस काय? मग डाव्या कानात बोट घातलं. गाणं, नदी, शाझली, सगळं लांब गेलं.

लाँचीत काही दोष नाही. वरात गुरुवारीच.

शाझलीला निरोप घेऊन जाऊ दिलं नाही. मीच पलीकडे गेलो. नबराला अजून सांगितलेलं नाही, शायालाही नाही. आधी मिरगनीला सांगितलं, उजव्या कानावर हात ठेवून, मान हलवून. त्याने आपलं काम बाजूला ठेवलं. त्याच्याशी बोलताना डावी-उजवी बाजू बघावी लागत नाही. समोर बसलो.